१८. मुक्त सॉफ्टवेअर : अनेक हातांची निर्मिती

१८.१ प्रस्तावना

शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सहसा एकच व्यक्ती उभी राहते. एकान्तात काम करणारा शास्त्रज्ञ, त्याची प्रयोगशाळा आणि एके दिवशी हाती आलेले यश, असे चित्र आपण मनाशी रेखाटतो. संगणकाच्या क्षेत्रात मात्र गेल्या चार दशकांत निर्मितीची एक निराळी रीत रूढ झाली आहे. या रीतीत हजारो माणसे, बहुधा एकमेकांना प्रत्यक्ष न भेटता, एकच वस्तू मिळून घडवतात आणि ती सर्वांसाठी खुली ठेवतात.

मराठी खेड्यांना 'इर्जिक' ही जुनी प्रथा परिचित आहे. एखाद्या शेतकऱ्याचे काम अडले की गावकरी आपापली औते आणि बैल घेऊन त्याच्या शेतात जमतात व ते काम उरकून देतात. मोबदला म्हणून घरधनी सर्वांना जेवू घालतो. उद्या आपली वेळ आली तर हाच माणूस मदतीला येईल, हा भरवसा त्यामागे असतो. मुक्त सॉफ्टवेअरचे कामही काहीसे असेच चालते. मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. इर्जिकीत नांगरलेले शेत अखेर एकाचेच राहते. येथे घडवलेली वस्तू सर्वांची होते.

ज्या कामात हुकूम देणारा मालक नाही आणि मोबदल्याची हमी नाही, त्यातून नवे कसे घडते आणि घडलेले टिकते कशाच्या बळावर, या प्रश्नांचा शोध आपण प्रस्तुत पाठात घेणार आहोत.

१८.२ उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• 'मुक्त' आणि 'मोफत' या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करणे.
• सामूहिक निर्मितीचे टप्पे क्रमाने सांगणे.
• सामाईक वस्तूच्या देखभालीचे महत्त्व उदाहरणांसह विशद करणे.
• परभाषेतील तांत्रिक शब्द मराठीत कसे सामावले जातात, हे ओळखणे.

१८.३ मूळ पाठ

एका छपाईयंत्राची गोष्ट

सॉफ्टवेअरची दोन रूपे असतात. आज्ञावलीकार माणसाला वाचता येतील अशा शब्दांत आणि चिन्हांत संगणकासाठी आज्ञा लिहितो. या लेखनाला मूळ संहिता म्हणतात. पुढे तिचे रूपांतर यंत्राला समजणाऱ्या अंकांत होते. अंकांचे हे रूप चालवता येते, परंतु ते वाचून त्यात बदल करणे जवळजवळ अशक्य असते. मूळ संहितेविना मिळालेले सॉफ्टवेअर म्हणजे कृती न सांगता ताटात वाढलेले पक्वान्न होय. त्याची चव घेता येते. पण तिखट कमी करून ते पुन्हा रांधता येत नाही.

१९८०च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत एक नवे लेझर छपाईयंत्र आले. ते वेगवान होते, परंतु त्यात कागद वारंवार अडकत असे. तेथे काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी पूर्वीच्या यंत्राच्या आज्ञावलीत एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना उमटे आणि कोणीतरी जाऊन कागद मोकळा करी. नव्या यंत्रातही तीच सोय करावी, असे त्यांच्या मनात आले. पण नव्या यंत्राची मूळ संहिता उपलब्ध नव्हती. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती असल्याचे कळल्यावर स्टॉलमन यांनी ती मागितली. त्या संशोधकाने गुप्ततेचा करार केलेला होता. त्याने नकार दिला.

प्रसंग लहान होता, परंतु त्यातून एक मोठा प्रश्न उभा राहिला. दोष दिसत आहे, उपाय ठाऊक आहे, करणारा तयार आहे, आणि तरीही दुरुस्तीची वाट बंद आहे. अशा व्यवस्थेत ज्ञान वाढणार कसे?

मुक्त आणि मोफत

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. सर्वांना वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणक-प्रणाली उभारणे हा त्याचा हेतू होता. १९८५ साली 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाला 'विनामूल्य' आणि 'स्वतंत्र' असे दोन्ही अर्थ असल्यामुळे तेथे पुष्कळ गोंधळ झाला. मराठीत ही अडचण नाही. 'मोफत' हा शब्द किमतीविषयी बोलतो, तर 'मुक्त' हा शब्द अधिकाराविषयी. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकण्यासही मनाई नाही. विकत घेणाऱ्याचे अधिकार मात्र हिरावून घेता येत नाहीत.

हे अधिकार टिकावेत म्हणून १९८९ साली 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना तयार झाला. त्यातील युक्ती विचार करण्याजोगी आहे. स्वामित्वहक्काचा कायदा एरवी इतरांना नक्कल करण्यापासून रोखतो. या परवान्याने त्याच कायद्याच्या आधारे नक्कल करण्याची परवानगी दिली, पण एक अट घातली : सुधारित आवृत्ती इतरांना द्यायची असेल, तर तिची मूळ संहिताही त्याच परवान्याखाली द्यावी. त्यामुळे एकाने केलेली सुधारणा पुन्हा सर्वांच्या ओंजळीत येऊ लागली.

हेलसिंकीतील एक छंद

ग्नू प्रकल्पाने अनेक उपयुक्त साधने तयार केली. परंतु संगणकाची स्मृती, चकती, कळफलक इत्यादींचे नियंत्रण करणारा प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो अपुराच होता. ती उणीव अनपेक्षित ठिकाणाहून भरून निघाली. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी असा गाभा लिहावयास घेतला होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स या शैक्षणिक प्रणालीच्या वापरकर्त्यांना आपले काम कळवले आणि त्यांच्या अपेक्षा विचारल्या. आपण हे केवळ छंद म्हणून करीत असून ते फार मोठे होणार नाही, असेही त्याने नमूद केले होते. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली. तिच्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या.

ही आवृत्ती अपूर्ण होती आणि नेमका तोच तिचा गुण ठरला. पूर्ण वस्तूचे लोक कौतुक करतात. अपूर्ण पण चालत्या वस्तूत त्यांना स्वतःसाठी काम दिसते. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या संगणकाची स्मृती केवळ २ मेगाबाइट होती, म्हणून त्याचे काम अडले. त्याची अडचण ऐकून टॉरव्हाल्ड्स यांनी डिसेंबर १९९१ मध्ये नवी सोय केली. स्मृती कमी पडू लागली की तिच्यातील मजकूर तात्पुरता चकतीवर हलवला जाऊ लागला. मिनिक्समध्ये ही सोय नव्हती. ज्याला गरज होती त्याला ती लिहिता आली नाही आणि ज्याने लिहिली त्याला तिची गरज भासली नव्हती. दोघांमध्ये संवाद झाला म्हणूनच ती जन्मास आली.

१९९२ साली टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्ससाठी जनरल पब्लिक लायसन्स स्वीकारले. मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील ओळींची संख्या सुमारे पावणेदोन लाखांवर गेली होती. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे.

पाठगत प्रश्न १८.१
कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(१) 'मुक्त' हा शब्द ______ विषयी बोलतो. (किमती, अधिकारा, वेगा)
(२) लिनक्सची १.० ही आवृत्ती ______ साली प्रसिद्ध झाली. (१९९१, १९९४, २००५)
(३) छपाईयंत्राची मूळ संहिता न मिळण्याचे कारण ______ हे होते. (तांत्रिक दोष, गुप्ततेचा करार, जास्त किंमत)

ठिगळाची परीक्षा

मुक्त म्हणजे वाटेल त्याने वाटेल तो बदल करावा, असा समज होणे शक्य आहे. पण वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या प्रतीत कोणीही काहीही बदलू शकतो. मुख्य प्रतीत मात्र तो बदल परीक्षेनंतरच शिरतो. प्रस्तावित बदलाला 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. बदल सुचवणारा कोणती ओळ काढली, कोणती घातली आणि का, हे सर्वांसमोर मांडतो. जाणकार त्यातील उणिवा दाखवतात. लेखक दुरुस्ती करून पुन्हा येतो. प्रत्येक विभागासाठी एक किंवा अधिक देखभालकर्ते असतात. त्यांची खात्री पटली की बदल वरच्या पायरीवर जातो आणि शेवटी टॉरव्हाल्ड्स यांच्या प्रतीत दाखल होतो. अनेक बदल वाटेतच परत पाठवले जातात.

या कामात भर घालणारे सगळेच हौशी नाहीत. आज लिनक्सच्या गाभ्यात बदल करणारे बहुसंख्य जण निरनिराळ्या कंपन्यांचे पगारदार अभियंते आहेत. बाजारात स्पर्धा करणाऱ्या कंपन्या येथे एकाच संहितेवर काम करतात, कारण तो गाभा प्रत्येकीने स्वतंत्रपणे लिहिणे कोणालाच परवडणारे नाही.

अडचणीतून घडलेले साधन

हजारो बदलांचा हिशेब ठेवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. २००२ पासून लिनक्सचे कार्यकर्ते त्यासाठी एका खासगी कंपनीचे साधन विनामूल्य वापरत होते. ते मोफत होते, पण मुक्त नव्हते. २००५ साली कंपनीने ही सवलत काढून घेतली आणि काम अडले. एप्रिल २००५ च्या प्रारंभी टॉरव्हाल्ड्स यांनी नवे साधन लिहावयास घेतले आणि काही दिवसांतच त्या साधनाचा स्वतःचा हिशेब त्यातच ठेवला जाऊ लागला. त्याचे नाव 'गिट'. जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती त्याच्याच साहाय्याने प्रसिद्ध झाली.

गिटमध्ये प्रत्येक कार्यकर्त्याकडे प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास असतो. कोणाच्याही परवानगीवाचून त्याला आपल्या प्रतीत प्रयोग करता येतो आणि प्रयोग साधला तर तो मुख्य प्रवाहात मिसळता येतो. जुलै २००५ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. निर्मितीस काही आठवडे लागले; हमानो यांची निगराणी मात्र पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली.

फाटा फुटतो तेव्हा

जेथे माणसे एकत्र येतात तेथे मतभेद होतातच. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नाराज गटाला संहितेची प्रत घेऊन वेगळी वाट धरता येते. याला फाटा फुटणे म्हणतात. ग्नू प्रकल्पातील जीसीसी हे साधन मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करते. त्यात नवे बदल फार सावकाश स्वीकारले जातात, असे वाटल्यामुळे १९९७ साली काही जणांनी त्याचा वेगळा फाटा काढला. तेथे कामाने वेग घेतला. अखेर एप्रिल १९९९ मध्ये हा फाटाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्य झाला. वाद कोणाच्या अधिकाराने मिटला नाही. दोन वाटा प्रत्यक्ष चालून पाहिल्यावर मिटला.

विहिरीचा गाळ कोणी काढायचा?

गावाच्या विहिरीचे पाणी सगळे भरतात. गाळ काढण्याची वेळ आली की हात कमी पडतात. मुक्त सॉफ्टवेअरची खरी कसोटी येथे लागते. महाजालावरील गोपनीय व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या सॉफ्टवेअरमधील एक गंभीर दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. 'हार्टब्लीड' या नावाने तो ओळखला जातो. संहिता सर्वांना खुली असूनही हा दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. असंख्य संकेतस्थळे ज्याच्यावर विसंबून होती, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत असे आणि पूर्ण वेळ काम करणारी व्यक्ती एकच होती. या धक्क्यानंतर मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला.

तरीही धोका टळला नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फायली संकुचित करणाऱ्या साधनात चोरदरवाजा आढळला. त्याचा मूळ देखभालकर्ता एकटा आणि थकलेला होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका व्यक्तीने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन केला आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अधिक विलंब जाणवला. त्यांनी तो दुर्लक्षिला नाही. कारण शोधत ते मूळ संहितेपर्यंत पोहोचले, आणि चोरदरवाजा सर्वत्र पसरण्यापूर्वीच उघड झाला.

या दोन घटना एकत्र ठेवून पाहाव्यात. दोन्ही ठिकाणी संहिता खुली होती. पहिल्या घटनेत पाहणारे डोळे कमी पडले. दुसरीत एका जागरूक माणसाने वेळीच पाहिले, आणि संहिता खुली असल्यामुळेच त्याला खोलवर जाता आले. खुलेपणामुळे पाहण्याचा अधिकार मिळतो; पाहण्याचे कष्ट मात्र कोणाला तरी घ्यावेच लागतात.

आपल्या लिपीचा लाभ

मराठी वाचकाचाही या परंपरेशी संबंध आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने घडवलेले भारतीय लिप्यांचे 'लोहित' हे अक्षरसंच रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. त्यांत देवनागरीही आहे. फायरफॉक्स हा मुक्त न्याहाळक मराठीत वापरता येतो, तो स्वयंसेवकांनी केलेल्या भाषांतरामुळे. अशा कामासाठी आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नसते. नेमका मराठी शब्द सुचवणारा, चुकीचे जोडाक्षर दाखवून देणारा वाचकही या निर्मितीचा भागीदार होतो.

नवनिर्मिती म्हणजे केवळ प्रतिभेचा क्षण नव्हे. कोणाची तरी गरज, तिला मिळालेला प्रतिसाद, परीक्षेतून गेलेली सुधारणा आणि त्यामागून येणारी दीर्घ निगराणी या सर्वांची ती साखळी आहे. या साखळीची शेवटची कडी सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत अधिक भार पेलते.

१८.४ शब्दार्थ

मूळ संहिता – आज्ञावलीचे माणसाला वाचता येणारे लेखन
स्वामित्वहक्क – निर्मात्याचा आपल्या कृतीवरील कायदेशीर हक्क
औत – नांगर, वखर इत्यादी शेतीचे बैलजोडीने ओढावयाचे अवजार
निगराणी – देखरेख, काळजी
न्याहाळक – महाजालावरील पाने पाहण्याचे साधन

१८.५ भाषाभ्यास

(अ) नवीन वस्तूंबरोबर नवे शब्द येतात. मराठी ते तीन प्रकारे सामावून घेते : (१) शब्द जसाच्या तसा घेऊन, उदा. सॉफ्टवेअर, मोबाइल. (२) अर्थानुसार नवा शब्द घडवून; उदा. संगणक, महाजाल. (३) जुन्या मराठी शब्दाला नवा अर्थ देऊन, उदा. गाभा, ठिगळ, फाटा. परका शब्द मराठीत आला की त्याला मराठी प्रत्यय लागतात. जसे – 'लिनक्सवर', 'गिटमध्ये', 'कंपन्यांचे'.

(आ) 'नवनिर्मिती' या शब्दाचा विग्रह 'नवी अशी निर्मिती' असा होतो. पूर्वपद विशेषण असल्यामुळे हा कर्मधारय समास आहे.

पाठगत प्रश्न १८.२
(१) प्रस्तावित बदलाला पाठात कोणता मराठी शब्द वापरला आहे?
(२) गिट हे साधन निर्माण करण्याची वेळ का आली?
(३) चूक की बरोबर ते लिहा : मुक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य प्रतीत कोणीही परीक्षेशिवाय बदल करू शकतो.

१८.६ तुम्ही काय शिकलात?

• मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे हे अधिकार महत्त्वाचे असतात. किंमत गौण असते.
• अपूर्ण पण खुली वस्तू इतरांना सहभागी होण्याचे निमंत्रण देते.
• बदलाची कसून परीक्षा झाल्यामुळे सामूहिक काम विश्वासार्ह ठरते.
• देखभालीकडे दुर्लक्ष झाल्यास सर्वांच्या उपयोगाची वस्तू धोक्यात येते.

१८.७ पाठान्त प्रश्न

(१) छपाईयंत्राच्या प्रसंगातून कोणता मोठा प्रश्न उभा राहिला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
(२) 'अपूर्ण आवृत्ती हाच तिचा गुण ठरला' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
(३) हार्टब्लीड आणि एक्सझेड या घटनांतील साम्य व भेद सांगा.
(४) तुमच्या परिसरातील एखाद्या सामाईक वस्तूची, उदा. वाचनालय, पाणवठा किंवा रस्ता, देखभाल कोण करते याची माहिती मिळवा आणि दहा ओळींत लिहा.

१८.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१८.१ : (१) अधिकारा (२) १९९४ (३) गुप्ततेचा करार
१८.२ : (१) ठिगळ (२) खासगी कंपनीने तिचे साधन विनामूल्य वापरण्याची सवलत काढून घेतली म्हणून (३) चूक